सातव्या नियमाचं उत्तर

१

आमच्या प्रयोगशाळेतून संध्याकाळी बाहेर पडायला अकरा मिनिटं लागतात. दार तीन पावलांवर आहे, पण मधे बारा नियम आहेत.

ते नियम मीच लिहिले, एकतीस वर्षांपूर्वी. तेव्हा माझे केस काळे होते आणि माणसांवर माझा फारसा विश्वास नव्हता. आता केस गेले. अविश्वास राहिला, पण त्याचा रोख बराचसा माझ्याकडेच वळला आहे. जनुकं बदललेल्या सूक्ष्मजीवांवर काम करायचं तर दुहेरी दारं, हवेच्या गाळण्या, जाड काचा हे सगळं लागतंच. पण घात होतो तो घरी जायच्या घाईत, असं माझं तेव्हापासूनचं मत. म्हणून मी एक पद्धत घालून दिली. काम संपलं की एकाने बाहेर कॉरिडॉरमध्ये इंटरकॉमपाशी उभं राहून यादी मोठ्याने वाचायची. आत राहिलेल्या शेवटच्या माणसाने प्रत्येक नियमाला उत्तर द्यायचं. उत्तरं दोनच, ‘झालं’ किंवा ‘नाही’. ‘हो हो’, ‘बघतो’, ‘झाल्यातच जमा आहे’ असलं काही त्या यंत्रावर बोलायचं नाही. ‘नाही’ आलं की वाचणारा तिथेच थांबतो आणि ते काम होईपर्यंत पुढचा नियम वाचत नाही. एकाच नियमाला दोन उत्तरं ऐकू आली तर ‘नाही’ खरं धरायचं.

नवी मंडळी याला पाढे म्हणतात. ‘चला, पाढ्यांची वेळ झाली,’ असं एकमेकांना सांगतात आणि माझ्याकडे बघून गंभीर होतात.

या प्रयोगशाळेची प्रमुख माझी सून आहे. ती आधी माझी विद्यार्थिनी होती, सून नंतर झाली. त्यामुळे मला ती ‘सर’ म्हणता म्हणता ‘बाबा’ म्हणायला लागली आणि माझ्या चुका दाखवायचा हक्क तिने दोन्हीकडून घेतला. मी निवृत्त झालो तरी सुरक्षेचा सल्लागार म्हणून संस्थेने मला ठेवून घेतलं आहे. रोज संध्याकाळी साडेपाचला ती आत असते आणि मी बाहेर यादी वाचतो. बुधवारी तपासणीसाठी मी आत जातो, म्हणून त्या दिवशी उलट.

आत आम्ही जे वाढवतो तो मातीतला एक गरीब स्वभावाचा जीवाणू आहे. त्याची जनुकं बदलताना आम्ही मुद्दाम एक खोट ठेवली. त्याला लागणारं एक अन्न तो स्वतः बनवू शकत नाही, आम्ही बशीत घालू तेव्हाच त्याला मिळतं. बाहेर निसटला तर दोन दिवसांत उपाशी मरेल. सुनेने त्याचं नाव ठेवलं घरजावई. दिलं ते खातो, उंबरा ओलांडत नाही आणि हाकलला तर जगत नाही. माझा मुलगा शाळेत गणित शिकवतो; त्याला हे नाव सांगितलं तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, की त्या बिचाऱ्याला चहा तरी वेळेवर मिळतो का.

२

त्या बुधवारी माझी पाठ दुखत होती. हे कारण म्हणून सांगत नाही. सांगितल्याशिवाय राहवत नाही, इतकंच.

आमचं ऑटोक्लेव्ह भिंतीत बसवलेलं आहे. ऑटोक्लेव्ह म्हणजे कचरा दाबाच्या वाफेत शिजवून निर्जंतुक करणारी लोखंडी पेटी. तिला दोन दारं आहेत. आतून कचरा भरायचा, आणि काम पूर्ण झाल्यावर बाहेरच्या दाराने कॉरिडॉरमध्ये काढायचा. दाब दाखवणारे काटेही दोन, एक आत, एक बाहेर. बाहेरचा काटा सोमवारी दुरुस्तीला गेला होता. म्हणून त्या आठवड्यात बाहेरच्या माणसाला दार उघडण्याआधी एकच आधार होता, आतल्याचं उत्तर. सातवा नियम.

सुनेने वाचायला सुरुवात केली. एक, बशा मोजून कपाटात. दोन, इन्क्युबेटरला कुलूप. मी उत्तरं देत गेलो. सहाव्यापर्यंत मी इंटरकॉमपाशी होतो. मग पाठीने कुरकुर केली आणि मी पुढचं काम आधीच उरकायला घेतलं. हातमोजे काढले, हा आठवा नियम. चार पावलं चालत बेसिनपाशी गेलो, कोपराने नळ उघडला आणि हातांना साबण लावला, हा नववा. मागून भिंतीवरच्या यंत्रातून सुनेचा आवाज आला, “सात. ऑटोक्लेव्हचा काटा शून्यावर?”

मी हातांच्या फेसाकडे बघत म्हणालो, “झालं.”

काट्याकडे मी पाहिलं नव्हतं. तो माझ्या पाठीमागे होता.

आठवा नियम आला नाही. मी हात धुऊन पुसले, तरी आला नाही. वळलो तर दाराच्या काचेत सून उभी होती आणि बोटाने ऑटोक्लेव्हकडे खुणा करत होती. मी गेलो. काटा शून्याच्या आसपासही नव्हता. पेटी आतून भरलेली होती, गरम होती आणि बारीक आवाजात कण्हत होती. तिच्यात उकळत्या द्रवाच्या वीस बाटल्या होत्या.

नंतर मेकॅनिक आला. त्याला सगळे पाना म्हणतात, कारण त्याच्या खिशात तो कायम असतो. दाब असताना बाहेरचं दार उघडू नये म्हणून जो खटका असतो, तो झिजून तुटला होता, हे त्याने काढून दाखवलं. कोणालाच माहीत नव्हतं. सुनेने त्या दाराच्या चाकाला हात घातला होता. पान्याने ते चाक बघितलं, तिच्या उंचीकडे बघितलं आणि हिशेब करावा तसा मला म्हणाला, “साहेब, दार सरळ तोंडावर आलं असतं. तुम्ही वेळेवर ‘नाही’ म्हणालात म्हणून.”

‘नाही’ म्हणालात, असं तो म्हणाला होता.

३

त्याच संध्याकाळी लोक माझे आभार मानायला लागले. संचालक स्वतः खाली आले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले की पुढच्या पिढीला अशी माणसं मिळणार नाहीत. घरी जेवण झाल्यावर मुलाने एक संत्रं घेतलं, सोललं, प्रत्येक फोडीवरचे पांढरे धागे काढले आणि ती बशी माझ्यापुढे सरकवली. तो लहान असताना मी त्याला तसं सोलून देत असे. मग तो उठला आणि वह्या तपासायला गेला.

ते संत्रं मी खाल्लं. लबाडीचं अन्न गोड लागतं हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

कारण मी ‘नाही’ म्हणालो नव्हतो. अंथरुणावर पडल्या पडल्या मी ते पुन्हा पुन्हा तपासलं. फेस आठवत होता, कोमट पाणी आठवत होतं, ‘झालं’ म्हणताना जीभ कशी टाळूला लागली तेही आठवत होतं. एकतीस वर्षं तो शब्द उच्चारून तोंड इतकं सवयीचं झालं आहे, की डोळ्यांसाठी ते थांबत नाही.

पण मग मनात आलं, माझ्या आठवणीची किंमत ती काय? परवा मी चष्मा घालून चष्मा शोधत होतो. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही; उजव्या कानात यंत्र आहे आणि तेही लहर लागली की शिट्टी वाजवतं. कदाचित माझ्यातल्या शहाण्या माणसाने काटा ओझरता पाहिला असेल, त्याने ‘नाही’ म्हटलं असेल आणि माझ्यातल्या घाबरटाने मागाहून स्वतःला दोषी ठरवलं असेल. असं होतं. मेंदूबद्दल मी थोडंफार वाचलं आहे.

या विचाराने मला झोप लागली. सकाळी उठलो तेव्हा तो विचार टिकला नाही.

४

यादीचं रोजचं वाचन ध्वनिमुद्रित होतं. तपासणीला येणारी मंडळी कधीही मागतील म्हणून आम्ही दोन वर्षांची मुद्रणं जपून ठेवतो. आजवर कोणी मागितलेली नाहीत.

गुरुवारी सकाळी मी संगणकाच्या खोलीत बसलो, दार लोटून घेतलं, कानातलं यंत्र काढलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि आवाज पूर्ण वाढवला. बाहेर कोणीतरी जिन्यावरून सायकल उतरवत होतं. चांगला ऊन पडलेला दिवस होता.

सुनेचा आवाज आला. सहा. माझं ‘झालं’ स्पष्ट. हातमोजे ओढल्याचा रबरी आवाज. माझी पावलं, चार. नळ. मग, “सात. ऑटोक्लेव्हचा काटा शून्यावर?”

पाण्याच्या आवाजाखाली, लांबून, खोलीच्या त्या टोकाला एक म्हातारा ‘झालं’ म्हणाला.

आणि लगेच, इतक्या जवळून की हेडफोनमध्ये ओठ वेगळे झाल्याचं ऐकू आलं, माझाच आवाज म्हणाला, “नाही.”

मी ते अकरा वेळा ऐकलं. आवाज माझाच होता, घशातल्या त्या जुन्या खरखरीसकट. पण नळ चालूच होता आणि नळाखाली माझे हात एकमेकांवर घासल्याचंही ऐकू येत होतं. माणूस एका वेळी चार पावलं लांब आणि यंत्राला ओठ लावून उभा राहू शकत नाही. तारेत बिघाड होऊन आवाज दुहेरी उमटला असेल, असं वाटून मी पान्याला बोलावलं. त्याने अर्ध्या तासात सगळं उघडून बघितलं आणि तार चोख असल्याचं सांगितलं. एवढी चोख तार आपल्या घरच्या फोनला असती तर बायकोचं बोलणं ऐकू न आल्याचं निमित्त सांगता आलं नसतं, असंही म्हणाला. मी हसलो. हसण्याचा आवाज माझाच आहे का, याकडे माझं लक्ष होतं.

५

मग मी मागे मागे गेलो.

दर वर्षी एकदा आम्ही त्या खोलीला धुरी देतो. सगळं सामान काढून, दारं सीलबंद करून, औषधाची वाफ सहा तास आत सोडायची. तिच्यातून काही जगत नाही. गेल्या वर्षीच्या धुरीच्या आधीची मुद्रणं मी ऐकली. त्यांत आमच्याशिवाय काही नव्हतं. धुरीनंतरचे पहिले चार महिनेही काही नव्हतं.

पाचव्या महिन्यात प्रत्येक ‘झालं’नंतर एक श्वास होता. उत्तर देणाऱ्याचा असावा असा. फक्त तो उत्तर देणाऱ्यापेक्षा यंत्राच्या जवळ होता.

सहाव्या महिन्यात त्या श्वासाला सूर आला. तान्हं मूल पाळण्यात एकटंच गुणगुणतं तसा. मग दोन सूर, एक आखूड आणि एक लांब, ‘झालं’ या शब्दाच्या मापाचे. शब्द अजून नव्हता, नुसतं माप होतं. मी रोज सावकाश, स्पष्ट, न चुकता यादी वाचत होतो. शिकवावं तर असं, असं कोणालाही वाटलं असतं.

सातव्या महिन्याच्या शेवटी ‘झालं’ आलं. सुनेच्या आवाजात, तिच्यानंतर अर्ध्या क्षणाने, अगदी हलकं. रोज तीच आत असायची, म्हणून तिचा आवाज आधी. बुधवारी माझा.

दुपार झाली होती. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. पुढच्या एका मुद्रणात मी आठवा नियम वाचला होता, हातमोजे उलटे काढून डब्यात. सून लांबून “झालं” म्हणाली. यंत्राजवळून सुनेचाच आवाज म्हणाला, “नाही.”

मग बराच वेळ शांतता. मी बाहेर थांबलेलो असणार, नियमाप्रमाणे. मला तो दिवसही आठवला. मला वाटलं होतं की पोरीने स्वतःची चूक स्वतःच सुधारली, आणि मी मनात तिचं कौतुक केलं होतं. मुद्रणात त्या शांततेनंतर डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज होता, रबराचा आवाज होता, आणि मग पुन्हा सुनेचं “झालं”. या वेळी तिचा आवाज कापत होता.

म्हणजे तिने ते ऐकलं होतं. पाच महिन्यांपूर्वी.

६

तिच्या केबिनला मोठी खिडकी आहे. मी गेलो तेव्हा ती रिकाम्या बशांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. पाठ, नळ, फेस, ‘झालं’. माझा जीव त्यातल्या एकाच गोष्टीत अडकला होता, की हे ऐकून तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे होतं ते जाईल.

तिने चिठ्ठी नीट दाबून बसवली.

“मला माहीत आहे, बाबा. मी दोन्ही ऐकली.”

“दोन्ही?”

“तुमचं लांबून आलं. ते जवळून आलं. दोन उत्तरं आली तर ‘नाही’ खरं धरायचं, हे कोणी लिहिलंय?”

मी म्हटलं, म्हणजे मी खोटं बोललो हे तुला बुधवारपासून माहीत होतं. त्यावर ती म्हणाली की खोटं बोलायलाही आधी बघावं लागतं. तुम्ही बघितलंच नव्हतं. हे तिने इतक्या मायेने सांगितलं की मला ते फार लागलं.

मग ती बोलत राहिली. पहिल्यांदा तिला भास वाटला होता. मग भीती वाटली, एवढी की तीन दिवस तिने बरं नसल्याचं सांगून सुटी घेतली. आणि मग सवय झाली. एकदा फ्रीजचं कुलूप राहिलं होतं, एकदा पिशवीचं तोंड. दर वेळी त्याचं म्हणणं खरं निघालं. आपण सगळे पाढे म्हणतो, ती म्हणाली, आणि ते एकटं खरोखर बघतं. नियम मनापासून पाळणारं त्या खोलीत तेवढं एकच आहे. मला विचारायचं होतं की ते म्हणजे काय. घरजावई का, आणि बशीत बसणाऱ्या जीवाला कंठ कुठून आला. पण तिनेही ते नाव घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही.

धुरी दुसऱ्या दिवशी होती, शुक्रवारी. मी तिला म्हटलं की पुढे ढकलू. अहवाल लिहू, चार जाणत्यांना बोलावू, समजून घेऊ. त्याचे उपकार आहेत आपल्यावर. तुझा चेहरा, तुझे डोळे, तू संध्याकाळी घरी येतेस, हे सगळं त्याने दिलेलं आहे.

“म्हणूनच आज सांगते, धुरी ढकलायची नाही; उद्या मलाही हे सांगवणार नाही,” ती म्हणाली. “ते माझ्या आवाजात बोलतं, बाबा. आज खरं बोलतं. एक दिवस ते माझ्या आवाजात ‘झालं’ म्हणेल आणि मी आत पडलेली असेन. तुम्ही पुढचा नियम वाचाल.”

मी तिच्यासमोरची एक बशी उगाच सरळ केली.

“आपणच बनवलेलं, पण आपल्याला कळत नाही, ते जिवंत ठेवायचं नाही. हे पण तुमचंच वाक्य आहे. पहिल्या वर्षाला शिकवलं होतंत.” तिने पुढची चिठ्ठी घेतली. “बटण मी दाबेन. ते तुम्हाला नाही करायला लावणार.”

७

शुक्रवारी सकाळी अकराला आम्ही दोघंच कॉरिडॉरमध्ये होतो. खोली रिकामी केली होती. पान्याने बाहेरचा काटा बसवून दिला होता आणि नवा खटकाही. मी हातमोजे घालून दाराच्या फटी पट्टीने बंद केल्या, कोपरे अंगठ्याने दाबले, हातमोजे उलटे काढून डब्यात टाकले.

धुरीच्या आधी रिकाम्या खोलीला संपूर्ण यादी वाचून दाखवायची असते. प्रत्येक नियमानंतर दहा आकडे मोजायचे. कोणी उत्तर दिलं नाही म्हणजे आत कोणी नाही. मग सुरक्षा सल्लागाराने सही करायची. चुकून कोणी आत अडकू नये म्हणून ही खबरदारी. तीही मीच लिहिलेली.

मी वाचलं. एक. दहा आकडे. दोन. दहा आकडे. मला उत्तर यावं असं वाटत होतं, म्हणजे सही करता येणार नाही. आणि उत्तर येऊ नये असंही वाटत होतं. माझ्या आयुष्यात मला एकाच वेळी दोन्ही वाटलं नाही अशी गोष्ट थोडी. सातव्याला मी वीसपर्यंत मोजलं. सून माझ्याकडे बघत होती. बाराव्याला, खोलीत मागे कोणी नाही, मी तीस मोजले.

काही आलं नाही. मी सही केली. अक्षर बरं आलं.

तिने बटण दाबलं. आतल्या पंख्याचा आवाज चढला आणि दाराच्या काचेमागे पांढरं दाटायला लागलं. एक मिनिट गेलं असेल. मग इंटरकॉमवरचा लाल दिवा लागला. आतून कोणी यंत्र चालू केलं की तो लागतो.

“एक,” सुनेचा आवाज म्हणाला. “बशा मोजून कपाटात?”

सून माझ्या शेजारी उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते. तिने माझ्या मनगटाला धरलं.

तो आवाज थांबला होता. वाचणाऱ्याने थांबायचं असतं. मी पुढे झालो. बशा खरोखरच मोजून दुसऱ्या कपाटात ठेवल्या होत्या, आदल्या दिवशी मी स्वतः मोजल्या होत्या. मी यंत्रात म्हणालो, “झालं.”

“दोन. इन्क्युबेटरला कुलूप?”

मी किल्ली खिशात चाचपली आणि म्हणालो, “झालं.” असं चाललं. तिसरा. चौथा. प्रत्येकाला मी आधी बघितलं, आठवलं, हाताने तपासलं आणि मगच बोललो. एकतीस वर्षांत मी इतकी खरी उत्तरं दिली नव्हती. पाचव्याला सून कुजबुजली, “बाबा, धुरी बंद करू का? अजून बंद करता येईल.”

मी म्हणालो, “नाही.”

इंटरकॉम चालू होता. आतला आवाज थांबला, आणि मग न चिडता, न घाई करता, पुन्हा म्हणाला, “पाच. पिशव्यांची तोंडं बांधलेली?” मी शब्द नीट लावून म्हणालो, “झालं.”

सहाव्याला मी काचेकडे बघितलं. बघू नये असं ठरवलं होतं. आत सगळं दुधासारखं झालं होतं, पण यंत्राच्या बाजूला, काचेला आतून, श्वासाच्या वाफेचा गोल उमटत होता, प्रत्येक शब्दाला नवा. त्या गोलामागे काहीतरी फिकट, वाकलेलं होतं. त्याला चेहरा होता की नाही ते मला सांगता येणार नाही. पण मान कशी होती ते मी पाहिलं. डावीकडे कलती, उजवी बाजू यंत्राला लावलेली. ज्याला एकाच कानाने ऐकू येतं तो माणूस जशी धरतो तशी. मी तेव्हा अगदी तसाच उभा होतो.

“सात. ऑटोक्लेव्हचा काटा शून्यावर?”

मी चालत गेलो. नव्या काट्यासमोर उभा राहिलो, चष्मा वर सारला आणि पाहिलं. परत आलो. “झालं.”

“आठ.” आवाज आता बसला होता, सुनेला सर्दी झाली की होतो तसा. “हातमोजे उलटे काढून डब्यात?”

“झालं.”

मला आभार मानायचे होते. आठ नियम होईपर्यंत मी तेच शब्द जुळवत होतो. पण त्या यंत्रावर दोनच शब्द बोलायचे असतात, आणि पलीकडे जे होतं त्याने उत्तर देताना ते दोन शब्द सोडून तिसरा कधी वापरला नव्हता. तिसरा वापरणारा मी पहिला व्हावं, हे मला जमलं नाही. म्हणून इथे लिहितो. अपघात-नोंदीच्या नमुन्यात यासाठी रकाना नाही, आणि माझी सून आज संध्याकाळीही घरी आली आहे.

“नऊ,” आवाज म्हणाला. मधे बराच श्वास. “हात धुतले?”

मी हातांकडे पाहिलं. हातमोज्यांच्या आतली पावडर बोटांवर तशीच होती.

“नाही,” मी म्हणालो.

तो थांबला. लाल दिवा जळत राहिला. मी कॉरिडॉरच्या टोकाच्या बेसिनपाशी गेलो. कोपराने नळ उघडला, साबण घेतला, तळवे, पाठी, बोटांच्या मधल्या जागा, अंगठे, मनगटं, सगळं यादीत लिहिल्याप्रमाणे पूर्ण चाळीस सेकंद. घाई केली नाही. घाई करावी असं फार वाटत होतं. हात पुसले आणि परत येऊन यंत्राला उजवा कान लावला.

“झालं,” मी म्हणालो.

दहा आकडे मोजले. दिवा चालू होता. मी पुन्हा “झालं” म्हणालो, थोडं मोठ्याने, कदाचित ऐकू गेलं नसेल म्हणून. सुनेने माझा कोपर धरला. काच पूर्ण पांढरी होती आणि तिच्यावर आता कुठला गोल उमटत नव्हता.

दहावा नियम कोणी वाचला नाही.